चोवीस खऱ्या खुर्च्या

"खरेदी प्रमुख कोण आहे इथे?"

दारात एक मुलगा उभा होता. बाहेर बारीक पाऊस लागला होता. त्यानं स्वतःचा रेनकोट काढून टेम्पोतल्या मालावर टाकला होता, त्यामुळे माल कोरडा आणि तो केसांपासून बुटांपर्यंत निथळत होता. हातातला कागदही त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोरडा ठेवला होता. हे मला लगेच आवडलं. कागद सांभाळणारी माणसं मला आवडतात.

"मीच," मी म्हटलं, जरा नाक वर करूनच. "बोला."

त्यानं माझ्याकडे बघितलं, टेबलावरच्या पाटीकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं — आणि दुसऱ्यांदा बघताना जरा जास्तच वेळ लावला. "तुमच्या ऑर्डरच्या खुर्च्या आणल्यात. चोवीस. कुठे उतरवू?"

इथे एक गोष्ट सांगून टाकते. आमची कंपनी खोटी होती.

म्हणजे फसवाफसवी नव्हे. तो हिशेब आणि ऑफिसकाम शिकवणारा वर्ग होता. आमच्या मॅडमचं म्हणणं असं, की जमाखर्च फळ्यावर बघून येत नाही, तो अंगावर पडावा लागतो. म्हणून त्यांनी आमच्या तुकडीला एक कंपनीच काढून दिली होती, ऑफिसचं सामान विकणारी. एका बाकावर खरेदी, एकावर विक्री, एकावर हिशेब, खिडकीपाशी आवक-जावक. मागचा बाक म्हणजे बाजार. आमचे पुरवठादार तेच, गिऱ्हाइकं तेच आणि बँकही तेच. पत्रं जायची, बिलं यायची, रोजकीर्द लिहिली जायची, आणि महिनाअखेरीस ताळा जुळला नाही तर मॅडम कुणाला घरी सोडायच्या नाहीत. फक्त माल कधी येत नसे. आमचं गोदाम म्हणजे एक रिकामं कपाट होतं, कागदोपत्री खचाखच भरलेलं.

घरी दादा रोज विचारायचा, "काय गं, आज किती खोटा नफा झाला?" आई हसू दाबायची. दोघांचाही दोष नाही. याआधी मी शिवणाचा वर्ग अर्धवट सोडला होता, संगणकाचा सोडला होता, आणि एका दुकानात मालकाला सगळ्यांसमोर त्याची चूक दाखवून नोकरीही घालवली होती. माझ्याकडून आशा ठेवायचं घरच्यांनी सोडून दिलं होतं. मला मात्र या वर्गात पहिल्यांदाच वाटायला लागलं होतं, की आपल्याला हे येतं. चांगलंच येतं.

तेव्हा दारात खऱ्या खुर्च्या बघून मला वाटलं, मॅडमनी गुपचूप परीक्षा घ्यायचं ठरवलंय. बरं, मग काय. परीक्षा तर परीक्षा.

"उतरवा," मी म्हटलं. "पण तपासल्याशिवाय सही मिळणार नाही."

"तपासा की," तो म्हणाला. "आम्ही पण बघू, प्रमुखबाई कशा तपासतात ते."

मी एकेका खुर्चीवर बसले. टेकले. खुर्चीच्या हातांवर हात ठेवून पाहिले. ताज्या पॉलिशचा वास खोलीभर पसरला. पाठीला जिथे आधार हवा, नेमकं तिथेच लाकूड वळवलेलं होतं. खुर्च्या चांगल्या होत्या हे मला कळत होतं, पण चेहऱ्यावर दिसू द्यायचं नव्हतं. शेवटी एक डुगडुगणारी सापडली तेव्हा मला बरंच वाटलं.

"ही परत न्या. डुगडुगतेय."

"खुर्ची नाही, तुमची फरशी डुगडुगतेय."

"फरशी कधी डुगडुगते का?"

त्यानं खुर्ची उचलून हातभर बाजूला ठेवली आणि मला 'बसा' अशी खूण केली. मी बसले. खुर्ची अगदी ठाम. मी कडक चेहरा करून माल मिळाल्याच्या चलनावर सही ठोकली. तो ओठ दाबून हसत होता, आणि मी ते बघितलंच नाही असं दाखवत होते.

तेवढ्यात मॅडम आल्या.

"हे काय आहे?"

"परीक्षा ना, मॅडम?"

"कसली परीक्षा?"

माझी पाचावर धारण बसली. मग हळूहळू सगळा उलगडा झाला. वर्गात टपालाचे दोन ट्रे होते, एक संस्थेच्या खऱ्या टपालाचा, एक आमच्या कंपनीचा. आमच्या प्रत्येक कागदावर 'केवळ सरावासाठी' असा जांभळा शिक्का मारायचा नियम होता. मी चोवीस खुर्च्यांची ऑर्डर लिहिली ती अस्सल वाटावी म्हणून 'खुर्च्या करून मिळतील' अशी जाहिरात देणाऱ्या एका खऱ्या कारखान्याचा पत्ता शोधून, बाजारातले खरे दर घालून. आणि ते पत्र इतकं देखणं झालं, इतकं नेटकं झालं, की त्यावर तो शाई पसरणारा शिक्का मारणं माझ्या जिवावर आलं. बिनशिक्क्याचं पत्र कुणीतरी खऱ्या ट्रेमध्ये टाकलं आणि ते गेलं. पुढे 'ऑर्डर मिळाली, कामाला लागतो' असा फोन आला, तेव्हा मागच्या बाकावरचाच कुणीतरी आवाज बदलून बोलतोय असं समजून मी ऐटीत म्हणाले होते, "लागा लागा, उशीर चालणार नाही."

पत्र मात्र सुरेख होतं. हे मी आजही म्हणते.

"म्हणजे... ऑर्डर खोटी होती?" त्यानं विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. त्यानं नुसतं हातातलं चलन घडी करून खिशात ठेवलं आणि पहिली खुर्ची उचलली. परत टेम्पोत ठेवायला.

मी त्याच्या मागे पावसात गेले.

"तुमचे मालक रागावतील का?"

"मालक म्हणजे माझे बाबा." त्यानं खुर्चीवर रेनकोट ओढला. "आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या दारं-खिडक्या होतात. खुर्च्यांचं खूळ माझं. बाबा म्हणाले, तुझी तू एक ऑर्डर आण, तुझ्या हातानं बनव. खपल्या तर खुर्च्या करत बस. नाही खपल्या, तर मुकाट्यानं दुसऱ्या गावी मामाच्या दुकानात काउंटरवर उभा राहा." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "तुमचं पत्र आलं तेव्हा मी ते बाबांना दोनदा वाचून दाखवलं होतं. काय पत्र होतं... आम्हाला असं कुणी कधी लिहिलंच नव्हतं."

आणि मला राग आला. त्याचा नाही, त्याच्या वडिलांचा नाही, त्या रिकाम्या कपाटाचा. एवढे दिवस आम्ही हवा विकत होतो, आणि हा माणूस खऱ्या खुर्च्या घेऊन परत चालला होता.

"उतरवा," मी म्हटलं.

"काय?"

"खुर्च्या. उतरवा सगळ्या. मी विकून दाखवते."

मॅडमनी माझं बोलणं चष्म्यावरून बघत ऐकून घेतलं. मला वाटलं, आता मला वर्गाबाहेर काढतात. पण त्या म्हणाल्या, "ठीक. हाच तुझा शेवटचा प्रकल्प. वर्ग संपेपर्यंत खुर्च्या गेल्या पाहिजेत, आणि एकही कागद चुकता कामा नये. कोटेशन, पत्र, पाठपुरावा, चलन, पावती. दया म्हणून कुणी घेतलेली खुर्ची मला चालणार नाही." मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही रोज दुपारी इथे यायचं. माल तुमचा आहे."

तो रोज दुपारी यायला लागला. कधी कानामागे पेन्सिल असायची, कधी भुवईवर भुसा. वर्गात त्याचं नाव 'खुर्चीवाला' पडलं. तो मला 'प्रमुखबाई'च म्हणायचा, आणि ते म्हणताना आदर किती आणि खोडी किती हे मला कधी कळलं नाही.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "एका खुर्चीला खर्च किती आला?"

त्यानं बोटांवर सांगितलं. लाकूड, सरस, खिळे, पॉलिश, टेम्पोचं भाडं. मी लिहून घेतलं.

"आणि तुमची मजुरी?"

"ती कशाला धरायची? मीच तर केल्या."

मी पेन खाली ठेवलं. "म्हणजे लाकडाला किंमत, खिळ्याला किंमत, आणि तुमच्या हातांना शून्य?"

"आमच्याकडे असंच चालतं, प्रमुखबाई. घरचं काम."

"तुमच्याकडे चालत असेल. माझ्या कागदावर चालणार नाही. हात दाखवा."

त्यानं गोंधळून दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटांवर बारीक कापल्याच्या खुणा होत्या, तळव्यांना रंध्यानं पडलेले घट्टे होते, आणि नखांच्या कडांत पॉलिशचा तपकिरी रंग कायमचा बसला होता. मी नुसती बघत राहिले. खरं तर बघायला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, मजुरी तासांवर काढतात...

"काय, हिशेब लागला का?" त्यानं हळूच विचारलं.

"लागतोय," मी म्हटलं आणि माझे कान तापले. मग मी त्याच्याकडून प्रत्येक कामाचे तास काढून घेतले आणि खर्चाच्या तक्त्यात एक जाड रेघ मारून लिहिलं — मजुरी. खुर्ची महाग झाली. पण खरी झाली.

विकायला निघाल्यावर मात्र माझी शेखी उतरली. मी देखणी पत्रं लिहिली. कुणी उत्तर दिलं नाही. मी फोन केले. "साहेब बाहेर गेलेत" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं, की सगळे साहेब एकाच ठिकाणी जमलेत की काय असं वाटायला लागलं. एकानं तर विचारलं, "ती खोटी कंपनी तुमचीच ना?" त्या संध्याकाळी मी पायऱ्यांवर तोंड पाडून बसले होते. तो शेजारी येऊन बसला, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"लिहिलेलं कुणाला पटत नाहीये," मी म्हटलं.

"मलाही नसतं पटलं. तुम्ही आमच्या खुर्च्या घेतल्यात कशा? कागद वाचून? नाही. एकेकीवर बसून, नाक मुरडून, मग."

मी त्याच्याकडे बघितलं. तोही बघत होता. पाऊस नुकताच थांबला होता, पन्हाळीतून थेंब पडत होते, आणि आम्ही दोघंही एकदम दुसरीकडे बघायला लागलो.

"बसवायचं त्यांना," मी म्हटलं. "विकायचं नाही. आधी नुसतं बसवायचं."

दुसऱ्या दिवशीपासून आम्ही 'वापरून बघा' सुरू केलं. दिवसभर बसून ज्यांचं काम चालतं, त्यांच्याकडे दोन-दोन खुर्च्या ठेवायच्या, रीतसर चलन करून, आणि ठरलेल्या दिवशी परत आणायला जायचं. पहिल्या दोन गेल्या एका म्हाताऱ्या हिशेबतपासनीसांकडे. त्यांची कंबर कायमची धरलेली. परत आणायला गेलो तर म्हणाले, "मी मेल्यावर न्या." मग सहा घेतल्या. माझं बिल त्यांनी भिंग लावून वाचलं, एकही चूक सापडली नाही म्हणून जरा नाराज झाले, आणि वर म्हणाले, "मुली, वर्ग संपला की माझ्याकडे ये. मला माणूस हवंय."

बाहेर आल्यावर मी दोन पायऱ्या उडी मारून उतरले. तो म्हणाला, "प्रमुखबाई, प्रमुखांनी असं उड्या मारत चालायचं नसतं." मी म्हटलं, "तुम्ही खुर्च्या बघा." आणि तरीही पुढच्या पायऱ्याही तशाच उतरले.

अठरा उरल्या. तेवढ्या एकाच ठिकाणी जाण्यासारख्या होत्या, गावातल्या सार्वजनिक अभ्यासिकेत. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी दोन ठेवून घेतल्या, कोटेशनला जोडलेला खर्चाचा तक्ता वाचला, आणि त्या जाड रेघेवर बोट ठेवलं. "ही मजुरी निम्मी करा. सगळ्या घेते."

"करतो," तो लगेच म्हणाला.

"नाही करत," मी त्याच वेळी म्हटलं.

रस्त्यावर आमचं जुंपलं. पहिल्यांदाच.

"वर्ग संपायला आठवडा उरलाय," तो म्हणाला. "माझी मजुरी आहे, मी सोडतोय. तुमचं काय जातंय?"

"आज निम्मी सोडाल, उद्या पुरती सोडाल. मग खुर्च्या करून उपयोग काय? बाबांचंच खरं ठरेल."

"आणि नाही घेतल्या तर मी मामाकडे जाणार. समजतंय का तुम्हाला? मी इथे नसणार." तो रस्त्यातच थांबला. "की तुमच्या तक्त्यातली रेघ सरळ राहिली म्हणजे झालं?"

मला झोंबलं. कारण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे तक्ता नव्हताच. दुपार होती, टेबल होतं, आणि त्याची जागा रिकामी होती. पण माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच. "टेम्पोचं भाडं घेऊ नका. पॉलिश वर्षानं पुन्हा करून देऊ म्हणा. बाकी काय हवं ते सोडा. हात सोडायचे नाहीत."

तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी रोजकीर्दीत खर्चाची बाजू जमेला लिहिली, आणि मॅडमनी ती माझ्यासमोर ठेवून एकच शब्द उच्चारला, "अरेच्चा."

ठरलेल्या दिवशी मी एकटीच अभ्यासिकेत गेले, हातात चलन घेऊन. मन घट्ट केलं होतं. नाही तर नाही, पण कमी नाही. दाराशीच तो भेटला, टेम्पो घेऊन.

"माल माझा आहे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "परत न्यायचा तर मीच नेणार. आणि... मजुरी कमी करायची नाही. मी दोन दिवस विचार केला. तुमचं बरोबर आहे."

"माझं बरोबर असलं तरी तुम्ही जाणार."

"हो."

आम्ही आत गेलो. त्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी बसली होती. मी म्हटलं, "जरा उठता का? खुर्ची न्यायचीय."

"मी नाही उठणार," ती म्हणाली. "या खुर्चीसाठी मी कुलूप उघडायच्या आधी येऊन उभी राहते."

"माझा नंबर दुपारनंतरचा आहे," पलीकडून एक जण म्हणाला. "आम्ही पाळ्या लावल्यात."

"पाळीत माझं नाव कुणी खोडलं?" तिसऱ्यानं विचारलं. आणि शांततेची पाटी लावलेल्या त्या खोलीत असा काही गलका उठला, की व्यवस्थापक बाई धावत आल्या. त्यांनी त्या मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग त्याच्या हातांकडे. मला वाटतं, त्या हातांकडे त्यांनी तेव्हा पहिल्यांदाच बघितलं.

"भाडं नाही घेणार ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आणि पॉलिश पुन्हा करून देऊ. पण मजुरी पूर्ण."

"पूर्ण तर पूर्ण. आणा उरलेल्या. पण आधी यांना गप्प करा."

त्यानं आणि मी बाकीच्या सोळा खुर्च्या टेम्पोनं आणून आत नेल्या. एकदा दारात समोरासमोर आलो, दोघांच्याही हातात खुर्च्या, कुणीच बाजूला होईना. "आधी प्रमुखबाई," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि हे मी बघितलं नाही असं मी या वेळी दाखवलं नाही.

शेवटच्या दिवशी प्रत्येकानं आपला प्रकल्प सगळ्यांसमोर मांडायचा होता. घरचीही माणसं बोलावली होती. आई आली, दादा आला. मागच्या बाकावर खुर्चीवाल्याचे बाबा बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, अवघडून. मी उभी राहिले. पहिली चूक कशी झाली तिथपासून सुरुवात केली, लोक हसले, मीही हसले. मग तक्ता दाखवला. आवक, जावक, चलन, पावत्या, सगळं जिथल्या तिथे. माझा आवाज एकदाही अडखळला नाही.

बोलून झाल्यावर त्याचे बाबा उठून पुढे आले. त्यांनी तक्त्यावरच्या त्या जाड रेघेवर बोट ठेवलं. त्यांच्याही नखांत तोच तपकिरी रंग होता.

"हे कुणी घातलं?"

"मी," मी म्हटलं.

"आयुष्यभर काम केलं मी," ते म्हणाले, "आणि हे कधी लिहिलंच नाही." मग मुलाला म्हणाले, "मामाला कळव, येत नाही म्हणून." आणि मला म्हणाले, "पोरी, आमच्या कारखान्याचं ऑफिस तू सांभाळ. पगार तू म्हणशील तो."

मागून दादाचा आवाज आला, शेजारच्या कुणाला तरी सांगत होता. "बहीण आहे माझी. सख्खी." त्यात चिडवणं औषधालाही नव्हतं. आई डोळे पुसत होती आणि मी मान ताठ ठेवून उभी होते, कारण वाकवली असती तर मलाही रडू आलं असतं. एवढा अभिमान मला स्वतःचा कधीच वाटला नव्हता, आणि त्याची मला जराही लाज वाटली नाही.

सगळे पांगल्यावर तो बाहेर पायऱ्यांवर थांबला होता. पुन्हा भुरभुर सुरू झाली होती.

"बाबांना काय सांगू?" त्यानं विचारलं. "येताय ना?"

"नाही."

त्याचा चेहरा पडला. "का?"

"मी हिशेबतपासनीसांकडे लागतेय. त्यांना होकार देऊन आले."

"पण... मी राहिलोय की आता. तुमच्यामुळे राहिलोय. मला वाटलं, रोज दुपारी..." तो थांबला. "पगार कमी वाटतोय का?"

"तुमच्याकडे कामाला आले तर तुम्ही मालक आणि मी नोकर. मग तुमच्याशी भांडायचं कसं?" मी श्वास घेतला. "आणि आजपर्यंत आपण प्रत्येक वेळी कामानं भेटलो. कधी सही, कधी चलन, कधी पाठपुरावा. मला आता तुला बिनकामाचं भेटायचंय."

तो माझ्याकडे बघतच राहिला. पावसाचे थेंब त्याच्या केसांवरून भुवईवर उतरले, तरी त्यानं पापणी हलवली नाही.

"म्हणजे?" तो अगदी हळू म्हणाला.

"म्हणजे तू मला आवडतोस. एवढं साधं आहे. तुला मी आवडत नसले तर आत्ताच सांग, मी—"

"तू मला त्या पत्रापासून आवडतेस," तो म्हणाला. "फोनवर 'उशीर चालणार नाही' म्हणालीस ना, तेव्हाच ठरवलं होतं, माल घेऊन मी स्वतः जायचं. एरवी माल पोचवणारा टेम्पोवाला दुसराच असतो."

मग त्यानं हात पुढे केला, घट्ट्यांचा, पॉलिशच्या डागांचा, आणि मी तो धरला. आम्ही तसेच पावसातून चालत गेलो, कुठेही जायचं नसताना. आधी कोण बोललं, असं आता कुणी विचारलं की तो माझ्याकडे बोट दाखवतो, आणि मी मान वर करून सांगते, मीच.